आठव्या फेरीतला इडवल

माझ्या कॅफेत दोन टेबलं अशी आहेत की शनिवारी त्यांच्यापासून मला काडीची कमाई नाही. एक खिडकीजवळचं, दुसरं चहाच्या बॉयलरजवळचं. सकाळी दार उघडलं की वेल्सच्या खोऱ्यातल्या या कुमहेलिग गावातले म्हातारे येऊन बसतात, माणशी एक चहा घेतात आणि जेवणवेळेपर्यंत जगभरच्या मुष्टियोद्ध्यांना एकमेकांच्या अंगावर घालतात. खिडकीपाशी जिवंतांच्या लढती चालतात. पुढच्या महिन्यात कार्डिफला होणारी, कराराच्या घोळात अडकलेली, किंवा एकाचं वजन दुसऱ्याच्या दुप्पट असल्यामुळे कधीच न होणारी. बॉयलरपाशी मेलेल्यांच्या. तिथे शंभर वर्षांपूर्वी खाणीतून वर येऊन रिंगणात उतरलेला कोणीतरी परवाच्या वर्षी गेलेल्या कोणालातरी चौथ्या फेरीत आडवा करतो, आणि त्यावरून दोन सख्खे व्याही महिनाभर बोलत नाहीत.

या सगळ्याला नियम आहे आणि तो माझ्या वडिलांनी घातलेला आहे. ते इटलीच्या डोंगरातून या खोऱ्यात आले. मुष्टियुद्धातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण खुर्च्यांची किंमत कळत होती. लढत झाली की दुसऱ्या दिवशी प्रत्येक जण म्हणायचा, मी हेच सांगितलं होतं, आणि मग कोण खोटारडा हे ठरवायला खुर्च्या वापरल्या जायच्या. एका सोमवारी तीन मोडक्या खुर्च्या मागच्या अंगणात टाकल्यावर वडिलांनी जाहीर केलं: खिडकीच्या टेबलाला बसायचं तर माणूस धरायचा. कोण जिंकणार, कितव्या फेरीत आणि कसा, हे सगळ्यांसमोर बोलायचं. माहीत नाही, बघू, असलं चालणार नाही. आणि धरला तो धरला. घंटा वाजेपर्यंत सोडायचा नाही.

लढत झालीच नाही तर काय, याचा वडिलांनी विचार केला नव्हता. तो ग्लॅनमोरने केला. ग्लॅनमोर बसचा कंडक्टर होता, आणि नियम म्हटला की अजूनही त्याच्या अंगात येतं. त्याने निकाल दिला की दोघं लढणारे जिवंत आहेत तोवर लढत होऊ शकते, म्हणजे शब्द बांधलेला. दोघांतला एक गेला की लढत बॉयलरपाशी जाते, आणि तिथे दर शनिवारी मत बदललं तरी चालतं, कारण मेलेल्यांना त्याचं काही नसतं. सगळ्यांना हे शहाणपणाचं वाटलं. या शहाणपणात इडवलचं अख्खं आयुष्य गेलं.

इडवल उंच, किडकिडीत आणि जन्माचा सावध. पावाची गाडी चालवायचा. गल्लीतल्या म्हाताऱ्या बायकांना कोणाला कडक कवचाचा पाव लागतो आणि कोणाला मऊ, हे तो न विचारता जाणायचा. त्याचा थोरला भाऊ गेथिन अगदी उलटा, बुटका, रुंद आणि बोलका. आठवडाभर खाणीत राबायचा आणि संध्याकाळी चॅपलमागच्या जुन्या तबेल्यातल्या तालमीत घाम गाळायचा. गेथिन लढायचा आणि इडवल त्याच्या कोपऱ्यात बादली आणि टॉवेल घेऊन उभा राहायचा. त्यांची आई त्या दोघांना एक सदरा आणि त्याचं बटण म्हणायची.

गेथिनची वेल्सच्या विजेतेपदासाठी लढत ठरली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि गल्ल्यामागे उभी असायचे. समोर न्यूपोर्टचा डडली पास्क. लांब हातांचा, थंड डोक्याचा माणूस. दहा फेऱ्यांची लढत. त्या शनिवारी कॅफेत पाय ठेवायला जागा नव्हती. एकेक जण उभा राहून गेथिनला धरत होता, कोणी तिसऱ्या फेरीत, कोणी पाचव्या. गावातला पोरगा होता, दुसरं कोण काय बोलणार? शेवटी राहिला इडवल. त्याला खुद्द गेथिननेच विचारलं, साखर मागावी तितक्या सहज.

"इड, तू कोणाला धरतोस?"

"मी तुझी बादली धरतो. तेवढं पुरे नाही का?"

लोक हसले. ग्लॅनमोर हसला नाही. तो म्हणाला, "माणूस, फेरी, कसा. भाऊ असला म्हणून सुटका नाही."

इडवलने दाराकडे बघितलं हे मला आजही आठवतं. तो तेव्हा बाहेर गेला असता तर बरं झालं असतं. पण खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, आणि मनात कुठेतरी वाटलं असेल की सांगितलं तर गेथिन सुधारेल.

"पास्क," तो म्हणाला. "आठव्या फेरीत. सातवीनंतर तुझा उजवा हात खाली येतो, गेथिन. मी कोपऱ्यातून बघतो ना."

चहाचं भांडं माझ्या हातात तसंच राहिलं. गेथिनने क्षणभर भावाकडे बघितलं आणि मग मोठ्याने हसला.

"बरं. मग त्याच्या आत संपवतो."

आणि लढत झालीच नाही. सराव करताना पास्कच्या हाताचं हाड मोडलं आणि तारीख पुढे गेली. नव्या तारखेसाठी नव्याने तपासणी आली, आणि त्या तपासणीत निघालं की गेथिनच्या डाव्या डोळ्याचा पडदा सरकत चाललाय. परवाना गेला. गेथिन पुन्हा कधी रिंगणात उतरला नाही. घंटा वाजली नाही, त्यामुळे शब्द सुटला नाही.

त्यानंतर दर शनिवारी इतर सगळ्या लढतींचा कीस पाडून झाला की गेथिन खुर्ची मागे सरकवायचा आणि विचारायचा, "अजून पास्कच का?" इडवल म्हणायचा, "पास्कच." "आठवी?" "आठवी." मग दोघं टोप्या घालून घरी जायचे. नव्या माणसाला वाटायचं, भावाभावांची गंमत आहे. मी काउंटरमागून दोघांचे चेहरे बघायचे, आणि मला ती गंमत कधीच वाटली नाही. विचारताना गेथिन मान किंचित वाकडी करायचा. जणू आज काही वेगळं ऐकू येईल.

गेथिनने त्या वाक्याचं घरात हत्यार केलं, तेही हसतहसत. भिंत रंगवायची म्हटलं की, पास्ककडून रंगवून घे. डोळ्याला कमी दिसायला लागलं आणि दाढी करून द्यायची वेळ आली तेव्हा, जपून रे, आठवी फेरी चालू आहे. इडवल सगळं निमूटपणे ऐकायचा. स्वान्सीला नेस्टा नावाची बाई होती. तिचं लोकरीचं दुकान होतं, आणि इडवलवर तिचा जीव होता. पावाच्या कंपनीची तिकडे जागाही निघाली होती. इडवल गेला नाही. मी त्याला फैलावर घेतलं तेव्हा म्हणाला, "आधी भावाला तोंडाने पाडला आणि मग आंधळा होताना सोडून गेला, असं म्हणतील, लोरे." कोण म्हणेल, असं विचारलं तर त्याला एक नाव सांगता येईना. नेस्टा एकदा स्वतः येऊन गेली. त्याच खिडकीत बसून चहा प्यायली आणि जाताना मला म्हणाली, "त्याचं लग्न त्या वाक्याशी आधीच लागलंय. मी दुसरी होऊन काय करू?" पुढे तिने एका सुताराशी लग्न केलं. ते पण इडवलने शनिवारी, चहा ढवळता ढवळता सांगितलं.

मला राग यायचा. गेथिनचा यायचा, ग्लॅनमोरचा यायचा, मेलेल्या वडिलांचाही यायचा. पण सगळ्यात जास्त इडवलचा. एकदा मी त्याला म्हटलं, एक शनिवार खोटं बोललात तर आभाळ कोसळणार आहे का? त्यावर तो म्हणाला, "खोटं बोलायचं तर पहिल्याच दिवशी बोलायला हवं होतं. आता बोललो तर त्याला वाटेल मला त्याची कीव आली." एवढं कळणारा माणूस होता तो. पुढे जे झालं ते कळत असून झालं.

गेल्या हिवाळ्यात गेथिनची छाती भरली. खाणीची धूळ इतकी वर्षं दबा धरून बसली होती. खालच्या मोठ्या हॉस्पिटलात त्याला छातीचा फोटो काढायला आत नेला, तेव्हा डॉक्टरने इडवलला बाजूला घेऊन सांगितलं की जूनमधला उन्हाळा काही दिसायचा नाही. पेशंटला मी सांगू का, असं डॉक्टरने विचारलं. इडवल म्हणाला, मी सांगतो. त्याने सांगितलं नाही. आडवारी, भलत्याच वेळी तो माझ्याकडे आला आणि कोणत्याच टेबलाला न बसता काउंटरला टेकून उभा राहिला.

"त्याला एकदा जिंकू द्यायचंय, लोरे," तो म्हणाला. "जायच्या आधी एकदा. पण पास्क अजून जिवंत आहे. रोज कुत्र्याला फिरवतो म्हणे. मी सकाळी उठून पेपरात त्याचं नाव शोधतो. निधनाच्या रकान्यात. देवा, काय माणूस झालोय मी."

माझ्याच्याने ते बघवेना. मी ग्लॅनमोरला गाठलं आणि म्हटलं, एवढा एक नियम सैल करा. का, ते सांगता येत नव्हतं, कारण इडवलने शपथ घातली होती. ग्लॅनमोर म्हणाला, एकासाठी सैल केला की उद्या सगळेच बिनतिकिटाचे चढतील. मी त्याला त्या दिवशी मुद्दाम कालचंच पॅटीस गरम करून दिलं, आणि त्याला ते आवडलं.

ईस्टरच्या आधी डडली पास्क गेला, झोपेत, शांतपणे. बातमी ग्लॅनमोरनेच वाचून दाखवली. इडवल तेव्हा कोटाचं बटण लावत होता. त्याच्या चेहऱ्यावर आनंद आला आणि पाठोपाठ त्या आनंदाची शरम आली, आणि तो बटण लावायचं सोडून नुसताच उभा राहिला. गेथिन म्हणाला, "चांगला माणूस होता. मला नाताळला कार्ड पाठवायचा." मग विचार करून म्हणाला, "म्हणजे पुढच्या वेळी बॉयलरपाशी बसायचं."

पुढच्या शनिवारी गेथिनने टाय लावला होता. इडवलने तो बांधून दिला असणार, गाठ अगदी सरळ होती. दोघं बॉयलरजवळच्या टेबलाला बसले, जन्मात पहिल्यांदा. गर्दी त्या जुन्या दिवसाइतकी नव्हती, तेव्हाचे बरेचसे स्वतःच त्या टेबलाच्या लायकीचे झाले होते. पण जे होते ते सगळे आले. गेथिनला मधेमधे धाप लागत होती आणि तो ती खोकल्यात लपवत होता. पास्कबद्दल चार चांगले शब्द बोलून झाले. मग ग्लॅनमोर उठला.

"लढत या टेबलावर आली. शब्द सुटला. इडवल, माणूस, फेरी, कसा."

इडवलने तयारी करून ठेवली होती. त्याला इतकं सलग बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. तो म्हणाला, गेथिन. दहाच्या दहा फेऱ्या पुऱ्या करून, गुणांवर. पास्कचे हात लांब होते पण पोट कच्चं होतं. पहिल्या पाच फेऱ्या गेथिनने पोटावर काम केलं असतं, सहावीत पास्कचे पाय जड झाले असते. आठवीत गेथिनचा हात खाली आला असता तरी त्याचा फायदा घ्यायला पास्कमध्ये काही उरलं नसतं. इतक्या वर्षांत मी हे मनातल्या मनात पुन्हा पुन्हा बघितलं, असं तो म्हणाला, आणि माझी चूक होती.

म्हाताऱ्यांनी टेबल वाजवलं. कोणीतरी गेथिनच्या पाठीवर थाप मारली. मी बॉयलरच्या वाफेत तोंड घालून रडून घेतलं, कारण मला खरोखर वाटलं की सुटला, बिचारा सुटला एकदाचा.

गेथिन हसला नाही. त्याचा हात टेबलावर बशी शोधत होता. ती सापडली तशी त्याने कप तिच्यावर नीट ठेवला.

"बाकीचे जरा गप्प बसा," तो म्हणाला. "इड, डॉक्टर काय म्हणाला?"

"कुठला डॉक्टर?"

"मला फोटो काढायला आत नेलं तेव्हा तुझ्याशी बोलला तो."

इडवल आपली टोपी चाचपायला लागला.

"आईला पुरून आलो त्या दिवशी मी तुला विचारलं होतं. तेव्हाही तू आठवीच म्हणालास. माझा दुसरा डोळा गेला त्या आठवड्यात विचारलं, तेव्हाही आठवीच. आज पास्क मेला म्हणून माझा उजवा हात वर आला होय?"

बॉयलरचा आवाज तेवढा चालू होता, आणि तो मला बंद करता आला असता तर मी केला असता.

"किती?" गेथिनने विचारलं.

"उन्हाळ्यापर्यंत नाही, म्हणाला."

"हे सरळ सांगायचं सोडून मला जिंकवलंस."

इडवलने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी आजवर कितीतरी माणसं रडताना बघितली आहेत, हा धंदाच तसला आहे, पण इतका कोंडलेला माणूस मी बघितला नव्हता. शब्द बांधलेला होता तेव्हा अडकला होता, शब्द सुटला तर त्याहून घट्ट अडकला. ज्या माणसाने कधी कीव केली नाही तोच एक माणूस गेथिनकडे होता, आणि तो इडवलने आत्ताच माझ्या कॅफेत घालवला होता.

गेथिन उठला. खुर्च्यांच्या पाठी चाचपत, एकेक करत तो खिडकीपाशी गेला आणि आपल्या नेहमीच्या जागी बसला. ग्लॅनमोरने नियम सांगायला तोंड उघडलं. मी म्हटलं, ग्लॅनमोर, एक शब्द काढलात तर हा चहा तुमच्या टकलावर ओतीन. तो बसला.

"इकडे ये, इड," गेथिन म्हणाला. "कोण मेलं असेल ते मेलं असेल. मी अजून जिवंत आहे. कोणाला धरतोस?"

"नको रे, गेथिन."

"माणूस, फेरी, कसा."

इडवल खोलीच्या मधोमध उभा होता. धड या टेबलाचा नाही, धड त्या टेबलाचा नाही.

"पास्क," तो म्हणाला. "आठव्या फेरीत." मग त्याने बाहीने तोंड पुसलं. "तुझा उजवा हात खाली येतो."

गेथिनने मान वाकडी करून सगळं ऐकून घेतलं. मग त्याचा चेहरा सैल झाला.

"हां," तो म्हणाला. "मग त्याच्या आत संपवतो."

त्यानंतर तो पाच-सहा शनिवार आला. शेवटचे दोन इडवलने त्याला चाकांच्या खुर्चीवर बसवून ढकलत आणला. दोघांच्या तोंडी तेच चार शब्द होते, आणि त्यात आता कसलं हत्यार नव्हतं. मे महिन्यात गेथिन गेला.

अंत्यविधीनंतरच्या पहिल्या शनिवारी इडवल एकटा आला आणि बॉयलरपाशी बसला, कारण आता त्या लढतीची तीच जागा होती. ग्लॅनमोर त्याच्या शेजारी जाऊन बसला. म्हातारा इतक्या हळू आवाजात बोलू शकतो हे मला माहीत नव्हतं. तो म्हणाला, दोघंही गेले आता, इडवल. तुला वाटेल त्याला धर, वाटेल तेव्हा बदल. तुला कोणी अडवणार नाही.

इडवलने चहा ढवळला.

"बदललं तर सांगू कोणाला?" तो म्हणाला. मी त्याला आणखी एक चहा दिला आणि खिडकीचं टेबल पुसायला घेतलं.